प्रेक्षक कुणाच्या बाजूनं बसतो?

रोमँटिक कॉमेडी लिहायला घेतली की ग्रुपमधला कुणीतरी पहिला सल्ला देतोच, की बघ हं, हीरो गोड ठेव आणि हिरॉईन समजूतदार ठेव, लोकांना आवडली पाहिजेत दोघं. मला हा सल्ला अजिबात पटत नाही. गोड माणसं बघून प्रेक्षक छान म्हणतो आणि मध्यंतरात बटाटावडा खायला जातो, परत येऊन बसतो तेव्हा त्या दोघांचं काय होणार याची त्याला काहीच काळजी नसते. काळजी लागायला वेगळंच काहीतरी लागतं. गेली काही वर्षं हौशी ग्रुपसाठी लिहिताना आणि त्याहून जास्त म्हणजे दुसऱ्यांची नाटकं बघताना माझं एक मत पक्कं होत गेलंय, की एखाद्या पात्राची एखादी गोष्ट स्टेजवरच्या बाकीच्यांच्या आधी प्रेक्षकाला कळली की प्रेक्षक त्या पात्राच्या बाजूनं जातो, मग ते पात्र स्वभावानं कसंही असो. खोटारडं असो, भित्रं असो, भांडखोर असो. लेखकाच्या हातातलं खरं हत्यार हे आहे, कोणती गोष्ट कुणाला कधी कळते त्याचा क्रम.

आमच्या इंदूरला हे बघायची फार चांगली सोय आहे. सानंद न्यास या इथल्या सभासदांसाठी नाटकं आणणाऱ्या संस्थेचं नाटक येतं तेव्हा खंडवा रोडवरच्या युनिव्हर्सिटी ऑडिटोरियमला ते सभासदांच्या वेगवेगळ्या गटांसाठी लागोपाठ होतं, त्यामुळे नाटक तेच, नट तेच, पण प्रेक्षक पूर्ण वेगळा. मी जमेल तेव्हा एकाच नाटकाचे दोन प्रयोग बघते आणि दुसऱ्या वेळी स्टेजकडे कमी आणि आजूबाजूला जास्त बघते. विनोदाला हशा कुठे येतो ते प्रत्येक गटात थोडंफार बदलतं, एखादा पंच दुपारी जोरात जातो आणि रात्री पडतो. पण पात्राबद्दल जीव गोळा होतो ती जागा मात्र बहुतेक वेळा तीच असते, दुपारी असो की रात्री, काकू असोत की कॉलेजची पोरं. म्हणजे ती जागा संहितेतच बसवलेली असते, लेखकानं.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण आपल्याच घरात आहे, गोविंद बल्लाळ देवलांचं संशयकल्लोळ. १९१६ साली रंगभूमीवर आलेलं नाटक, मूळ धागा मोलिएरच्या १६६० च्या नाटकाचा, तो आर्थर मर्फीच्या १७६१ च्या इंग्रजी नाटकातून देवलांपर्यंत आला, हे सगळं नाटकवाल्यांना माहितीच आहे. पण त्यातली मांडणी जरा लेखकाच्या नजरेनं बघा ना. रेवतीला रस्त्यात चक्कर येते, फाल्गुनराव तिला सावरतो, आणि ते त्याची बायको कृत्तिका बघते. झालं, तिच्या डोक्यात संशय. त्याच गडबडीत रेवतीजवळची तिच्या प्रियकराची, आश्विनशेठची, तसबीर खाली पडते, ती कृत्तिकेला सापडते, ती तसबीर बघत उभी असते आणि नेमकं ते फाल्गुनराव बघतो. आता त्याच्या डोक्यात संशय. पुढे तीच तसबीर फाल्गुनरावाच्या हातात दिसते आणि आश्विनशेठच्या डोक्यातही किडा वळवळायला लागतो.

आता गंमत अशी की ही चारही माणसं पुढे एकमेकांशी चांगलीच वाईट वागतात, आरडाओरडा, आरोप, टोमणे, नवरा-बायको तर एकमेकांवर पाळत ठेवतात. तरी आपल्याला एकाचाही राग येत नाही, का? तर प्रत्येकाला काय दिसलं ते आपण त्याच्यासोबत बघितलंय. फाल्गुनरावाच्या जागी आपण असतो तर आपल्यालाही तेच वाटलं असतं, हे आपण मनात कबूल करून टाकलेलं असतं. आणि खरं काय घडलं तेही आपल्याला एकट्यालाच माहितीये. म्हणजे प्रेक्षकाला दोन गोष्टी मिळाल्या, संशयाचं कारण पण मिळालं आणि तो संशय खोटा असल्याचा पुरावा पण मिळाला. तिथून पुढे प्रेक्षक खुर्चीत बसून अरे बाबा असं नाहीये रे, ती तसबीर रस्त्यात पडली होती रे, असं मनातल्या मनात ओरडत राहतो आणि हे ओरडणं म्हणजेच त्या पात्राबद्दलची माया. फाल्गुनराव संशयी म्हातारा म्हणून रंगवला असता आणि त्याच्या डोळ्यांना काय दिसलं ते आपल्याला दाखवलंच नसतं तर तो नुसता छळवादी नवरा झाला असता.

याच्या उलट काय होतं तेही बघण्यासारखं आहे. शेक्सपिअरच्या मच अडो अबाउट नथिंगमध्ये क्लॉडिओ नावाचा तरुण भर लग्नात, चर्चमध्ये, सगळ्यांसमोर आपल्या नवरीवर, जिचं नावच हीरो आहे तिच्यावर, बदचलनीचा आरोप करतो. त्याला फसवलेलं असतं, आदल्या रात्री तिच्या खिडकीत दुसऱ्याच मुलीला उभी करून त्याला दाखवलेलं असतं. कारण आहे ना, देवलांच्या पात्रांना होतं तसंच. पण ते खिडकीचं दृश्य शेक्सपिअर स्टेजवर दाखवतच नाही. आधी कट कसा करायचा ते आपल्याला कळतं आणि नंतर तो कट कसा पार पडला ते एक पात्र दुसऱ्याला सांगतं, तेही दारूच्या नशेत. क्लॉडिओच्या डोळ्यांना काय दिसलं, त्याचा चेहरा कसा झाला, हे आपण बघितलेलंच नसतं. त्यामुळे चर्चमध्ये तो बोलायला लागतो तेव्हा आपण पूर्ण त्या नवरीच्या बाजूनं असतो आणि शेवटी त्यांचं लग्न झालं तरी पुष्कळ लोकांना ते नीट गिळवत नाही. १९९३ च्या सिनेमात दिग्दर्शकानं ते खिडकीचं दृश्य घातलं, क्लॉडिओला ते बघताना दाखवलं, आणि तेवढ्यानं तो पोरगा कितीतरी माणसात आला. मला यातून एवढं पक्कं कळलं की प्रेक्षकानं डोळ्यांनी बघितलेला गैरसमज तो माफ करतो, नुसता कानावर आलेला गैरसमज माफ करत नाही.

त्याच नाटकातली दुसरी जोडी, बिअट्रिस आणि बेनेडिक, यांची तर सतत तू तू मैं मैं चाललेली. दोघंही लग्नाच्या नावानं नाक मुरडणारी. पण पहिल्याच प्रवेशात लढाईवरून बातमी घेऊन माणूस येतो तेव्हा बिअट्रिस सगळ्यात आधी काय विचारते, तर तो बेनेडिक परत आला का. विचारते टोमणा मारतच, त्याला एक खवचट टोपणनाव देऊन, पण विचारते. तो अजून स्टेजवर आलेलासुद्धा नाही आणि आपल्याला तिची चोरी कळलेली असते. मग पुढे ती त्याला कितीही बोलली तरी आपण गालात हसत बसतो. एका प्रश्नात काम झालं! असा प्रश्न सुचायला लेखकाला कधीकधी महिनाभर ताटकळावं लागतं.

आता मी सध्या ज्यावर काम करतेय त्या दोन अंकी नाटकातला एक प्रवेश सांगते, म्हणजे मी काय म्हणतेय ते नीट लक्षात येईल. अभय, जेल रोडला पंखे आणि बटणं-बोर्डांचं दुकान, वय चौतीस, बोलायला बुजरा. गौरी मुलगी बघायच्या कार्यक्रमाला उलटं त्याच्या घरी आलीये, कारण तिच्या बाबांना मुलाचं घर बघायचंय. पोहे, जिलेबी, दोघांना बाल्कनीत पाठवलंय बोला म्हणून. संवाद साधा आहे, अभय म्हणतो मला वाचनाची फार आवड आहे, ट्रेकिंगची पण आहे. हा संवाद असाच्या असा पहिल्यांदा कानावर आला तर प्रेक्षकाला अभय थापाड्या वाटतो, आणि वाटणारच, तो थापाच मारतोय.

तालमीत आम्ही हाच प्रवेश दोन्ही क्रमांनी करून बघितला. एका क्रमात थेट बाल्कनी. दुसऱ्या क्रमात त्याच्या आधी एक छोटा तुकडा, अभय आणि त्याची वहिनी स्वयंपाकघराच्या दारात, वहिनी त्याच्या हातात चिठ्ठी कोंबतेय. भावजी, मागच्या वेळी ती मुलगी म्हणाली मुलगा बोलतच नाही, आता यातलं काहीतरी बोला. छंद लिहिलेत, वाचन आणि ट्रेकिंग. आणि तिला प्रश्न विचारा, पगार सोडून. अभय चिठ्ठी वाचतो आणि विचारतो, वहिनी, ट्रेकिंगमध्ये नेमकं काय करतात? बस. यानंतर बाल्कनीतला तोच संवाद, एक शब्द न बदलता, आणि आमच्या ग्रुपमधली जी मंडळी नुसती बघत बसली होती ती सगळी पुढे सरकून बसली. थापा त्याच होत्या. पण आता त्या थापेमागची भीती त्यांना माहिती होती.

पण नुसत्या अभयला चिठ्ठी देऊन भागत नाही, कारण मग गौरी आपोआप परीक्षक होते, समोर बसून मार्क देणारी बाई, आणि परीक्षकावर कुणी जीव लावत नाही. आपल्याकडच्या पुष्कळ कॉमेड्यांमध्ये हिरॉईनचं हेच होतं, हीरोला सगळी लपवाछपवी, सगळी धडपड, आणि तिच्या वाट्याला फक्त रुसणं आणि शेवटी मान हलवणं. म्हणून गौरीलाही तिचं गुपित पाहिजे आणि तेही प्रेक्षकाला आधी कळलं पाहिजे. ती वर यायच्या आधी जिन्यात उभी राहून मैत्रिणीशी फोनवर बोलते. तिला भोपाळला एका लॅबमध्ये नोकरी लागलीये, पुढच्या महिन्यात रुजू व्हायचंय, घरी सांगितलेलं नाही. प्लॅन असा की वीस मिनिटांत असं काही वागायचं की नकार मुलाकडूनच आला पाहिजे, म्हणजे बाबांना तिच्यावर चिडायला जागाच नाही.

आता बघा काय होतं. तो आवडावं म्हणून खोटं बोलतोय आणि ती आवडू नये म्हणून खोटं बोलतेय, आणि दोघांच्या मध्ये प्रेक्षक बसलाय ज्याला दोन्हीकडचं माहितीये. तो म्हणतो वाचनाची आवड आहे. ती, जी खरं तर लायब्ररीतून पिशवी भरून पुस्तकं आणणारी मुलगी आहे, ती ठरवून म्हणते, मला वाचायचा भयंकर कंटाळा येतो. आणि अभय एकदम सुटल्यासारखा म्हणतो, मलापण! चिठ्ठी खिशात टाकतो आणि पहिल्यांदा मोकळं बोलायला लागतो, दुकानाबद्दल, पंख्याच्या आवाजावरून बिघाड कसा ओळखायचा त्याबद्दल, आतून नुसती घरघर येत असेल तर बेअरिंग गेलंय आणि पंखा झोके खात असेल तर पात्यांचा बॅलन्स गेलाय. तिच्या खोट्यानं त्याचं खरं बाहेर काढलं, आणि आता ती अडकली, कारण समोरचा माणूस खरं बोलतोय आणि आपण खोटं. ती आणखी वाईट वागायचं म्हणून पोह्यांवर मुद्दाम मूठभर जिरावन, म्हणजे आमचा पोह्यांवर टाकायचा इंदुरी मसाला, टाकून घेते, की बघू आता तरी हिला काही रीतभात नाही असं वाटतं का, तर तो खुश, म्हणतो आमच्याकडे पाहुणे आले की आई जिरावनाची बरणी लपवते, मी घेऊन येऊ का अजून.

या प्रवेशात कुणी कुणाला आवडल्याचं एक अक्षर बोललेलं नाही. पण नाटकाच्या वाचनात प्रत्येक वेळी इथे लोक दोघांच्याही बाजूनं होतात, एकाच वेळी, आणि रोमँटिक कॉमेडीला तेच पाहिजे असतं, कारण प्रेक्षक फक्त एकाच्या बाजूनं असेल तर ती लग्नाची गोष्ट न राहता मॅच जिंकल्याची गोष्ट होते.

बरं, मधे येणारा तिसरा माणूस. गौरीसाठी टोरांटोचं एक स्थळ सांगून आलंय आणि आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांचं म्हणणं की त्याला मस्त कार्टून करू, अर्धं मराठी अर्धं इंग्लिश, सारखं हवामान सांगणारा, हशे खूप मिळतील. मिळतील, यात वादच नाही. पण मग ज्या मुलीनं अशा माणसाचा क्षणभर तरी विचार केला तिची अक्कल काढल्यासारखं होतं, आणि त्याला हरवून अभयचं मोठेपण ते काय. १८८२ च्या सौभद्रात किर्लोस्करांनी बलराम कसा लिहिलाय ते आठवा. सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशीच लावायचं म्हणून अडून बसलेला माणूस, म्हणजे सगळ्या प्रेमातली धोंड तोच, पण आहे कसा तर तापट, सरळ, साधुसंतांवर भाबडी श्रद्धा असलेला. आणि त्याच श्रद्धेपायी तो यतीच्या वेशातल्या अर्जुनाला स्वतःच्या हातानं घरात आणतो आणि सुभद्रेला त्याच्या सेवेला ठेवतो! विरोध करणाऱ्याच्या चांगुलपणातूनच दार उघडलं. म्हणून माझ्या नाटकातल्या टोरांटोवाल्याला मी एक चांगलं काम दिलंय, भोपाळच्या नोकरीबद्दल तिला सगळ्यात आधी अभिनंदन तोच म्हणतो. ग्रुपमध्ये अजून यावर वाद चालू आहे पण मी हे सोडणार नाही.

अजून एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, ती म्हणजे हशाची किंमत कोण चुकवतंय. पात्र खोटं बोललं, वेश बदलला, दोन घरं सांभाळली, तर जोपर्यंत त्या भानगडीचा घाम त्याला स्वतःलाच फुटतोय तोपर्यंत प्रेक्षक त्याच्यासोबत पळतो. घाम दुसऱ्याला फुटायला लागला की माया आटते. शेक्सपिअरच्याच ट्वेल्थ नाइटमधल्या मॅल्व्होलिओ या गर्विष्ठ कारभाऱ्याला खोटं पत्र देऊन पिवळे मोजे घालायला लावतात तोपर्यंत सगळं थिएटर हसतं, पण त्याला वेडा ठरवून अंधाऱ्या खोलीत कोंडतात तिथे हसू घशात अडकतं, आणि नीट केलेल्या प्रयोगात ते अडकलंच पाहिजे. आपल्याकडे मुलगी नाही म्हणतेय आणि मुलगा तिच्या मागे मागे फिरतोय हे दृश्य वर्षानुवर्षं हमखास हशाचं होतं. आता तसं राहिलेलं नाही. नाटक बघताना मी हे स्पष्ट अनुभवते, पुढच्या रांगांत हशा येतो आणि मागे बसलेल्या मुली गप्प होतात, आणि त्या गप्प झाल्या की तो हीरो पुढे कितीही चांगला वागला तरी त्यांच्यासाठी संपलेला असतो. मला त्या मुली बरोबर वाटतात. म्हणून माझ्या नाटकात गौरी एकदा स्पष्ट नाही म्हणते आणि अभय ते ऐकतो, ठीक आहे म्हणतो आणि दुकानात जातो. लोक त्याच्यावर सगळ्यात जास्त जीव टाकतात तो तिथे, तो निघून जातो तेव्हा.

आणि नटांसाठी जागा सोडा हो. इंदूरला नाट्यभारती या नाट्यसंस्थेत बाबा डिके, राहुल बारपुते यांच्या पिढीनं जे नाटक उभं केलं त्याच्या गोष्टी सांगणारी वडीलधारी मंडळी तालमीला येऊन बसतात कधीकधी, आणि त्यांचा आग्रह एकच असतो, सगळं बोलून टाकू नका. ते म्हणतात ते खरंय. अभय एकटा स्टेजवर आहे, वहिनी येते, तो खिशातून चिठ्ठी काढतो, वहिनीच्या हातात परत देतो, काही बोलत नाही. मी तिथे आधी तीन ओळींचं स्वगत लिहिलं होतं, चांगलं होतं ते, पण नटानं ते न बोलता नुसती चिठ्ठी दिली आणि वहिनीनं ती न बघता पदराला हात पुसले, त्यात सगळं आलं. स्वगत काढलं.

शेवटाबद्दल थोडं. पुलंची ती फुलराणी १९७५ ची, ती ज्या पिग्मॅलियनवरून आली त्या शॉच्या नाटकाची गोष्ट लेखकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. शॉला फुलं विकणारी एलायझा आणि तिला बोलायला शिकवणारा प्रोफेसर हिगिन्स यांचं लग्न मुळीच नको होतं, त्याच्या मते ती मुलगी स्वतंत्र होते हाच नाटकाचा मुद्दा. पण १९१४ साली लंडनला प्रयोग झाले तेव्हा हिगिन्स करणारा नट बीअरबोम ट्री पडदा पडता पडता एलायझाकडे फुलांचा गुच्छ फेकायला लागला, म्हणजे लोकांनी हवा तो अर्थ काढावा. शॉ संतापला. १९१६ ला पुस्तक निघालं तेव्हा त्यानं मागे एक लांबलचक लेख जोडून सांगितलं की एलायझा तिच्यावर भाळलेल्या फ्रेडीशी लग्न करते, हिगिन्सशी नाही. तरी लोक आपलं ऐकायला तयार नाहीत. कारण दोन अंक, तीन अंक दोघांना एका खोलीत एकमेकांशी झुंजवून त्यानंच प्रेक्षकाला दोघांच्याही बाजूनं बसवलेलं होतं. फ्रेडीला त्यानं प्रेक्षकाशी असं बोलायला जागाच दिली नव्हती. एकदा माया लागली की ती लेखाच्या पुराव्यानं काढून घेता येत नाही.

माझ्या नाटकाच्या शेवटावर लोकमान्य नगरला झालेल्या वाचनात बराच काथ्याकूट झाला. अर्ध्या लोकांचं म्हणणं गौरीनं भोपाळची नोकरी सोडावी, म्हणजे प्रेम सिद्ध होतं, टाळी पडेल. पण पहिल्या प्रवेशात जिन्यात उभी राहून तिनं प्रेक्षकाला जी गोष्ट विश्वासानं सांगितली ती हीच नोकरी आहे ना, ती शेवटी काढून घेतली तर प्रेक्षकानं दोन तास ज्या मुलीची काळजी केली तिला मीच फसवलं असं होईल. एक मावशी छान बोलल्या, अगं, इंदूर-भोपाळ बस दिवसभर असतात, एवढं काय त्यात. ते मी घेतलंय. गौरी भोपाळला जाते, नोकरी करते, आणि अभय रविवारी दुकान बंद ठेवून साडेतीन तासांच्या बसनं जातो, जिरावनाची पुडी घेऊन. तिथे तिच्या भाड्याच्या खोलीत पंखा घरघर करतोय. दुसऱ्या अंकाचा तो प्रवेश या आठवड्यात लिहायला घेतलाय.